बर्फाच्या नदीकाठचा नवस

एखाद्या गोष्टीसाठी आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना केली, आणि आज नेमकी तिच्या उलट प्रार्थना करण्याची पाळी आपल्यावर आली, तर आपण काय समजावे? वाडवडील चुकले होते असे म्हणावे, की देवाने त्यांचे फारच मनावर घेतले असे म्हणावे? हा प्रश्न केवळ तर्कासाठी काढलेला नाही. स्वित्झर्लंडच्या वाले परगण्यात फीश आणि फीशरताल नावाची दोन गावे आहेत. त्या गावांतील लोकांपुढे हा प्रश्न खरोखरच उभा राहिला. त्याचे कारण म्हणजे त्यांच्या डोक्यावर पसरलेला बर्फ. तेथील थोरली अलेच हिमनदी ही आल्प्स पर्वतातील सर्वांत मोठी हिमनदी आहे. त्या लोकांनी काय मागितले, आणि त्यातून आपणांस काय विचारले जात आहे, हे समजण्यासाठी आधी ती नदी कशी आहे ते पाहिले पाहिजे.

नदी, पण बर्फाची

आपल्या ओळखीच्या नद्या, म्हणजे गोदावरी, कृष्णा, मलप्रभा, मांडवी, नर्मदा, या पावसाच्या लेकी आहेत. पाऊस पडला की त्या भरतात, आणि उन्हाळ्यात त्यांची वाळू उघडी पडते. बर्फाची नदी ही वस्तू आपल्या अनुभवातली नाही. म्हणून बर्फाने झाकलेला डोंगर तेवढा आपल्या मनापुढे येतो. परंतु हिमनदी ही खरोखर नदी असते. ती उगम पावते, तिला उपनद्या मिळतात, ती वळणे घेते, आणि खाली जाऊन संपते.

अलेच हिमनदीचा उगम युंगफ्राऊ शिखराच्या दक्षिण अंगास, सुमारे चार हजार मीटर उंचीच्या पर्वतांच्या कुशीत आहे. तेथे पडणारे हिम उन्हाळ्यातही पुरते वितळत नाही. एका वर्षाच्या थरावर दुसऱ्या वर्षाचा थर बसतो. खालचे हिम दाबले जाते, त्यातील हवा निघून जाते, त्याचे साखरेसारखे दाणे बनतात, आणि शेवटी त्याचा घट्ट निळसर बर्फ होतो. आठ-दहा मीटर ताज्या भुसभुशीत हिमापासून जेमतेम एक मीटर बर्फ तयार होतो. प्रकाशातील तांबडा भाग तो शोषून घेतो, म्हणून त्याच्या भेगांत डोकावले असता निळा रंग दिसतो.

अशा हिमाचे चार विशाल प्रवाह एका जागी एकत्र येतात. पॅरिसमधील प्रसिद्ध चौकाच्या नावावरून त्या जागेला कॉन्कॉर्डिया चौक असे नाव पडले आहे. तेथे बर्फाची जाडी सुमारे ८०० मीटर आहे. तेथून पुढे संपूर्ण नदी एक मोठे वळण घेऊन दक्षिणेकडे उतरते. तिची लांबी वीस किलोमीटरांच्या आसपास आहे. तिच्या पाठीवरून दोन काळ्या रेघा टोकापर्यंत गेलेल्या दिसतात. दुरून पाहणाऱ्याला त्या गाडीच्या चाकोऱ्या वाटतात. वास्तविक त्या दगडधोंड्यांच्या रांगा आहेत. दोन प्रवाह मिळताना त्यांच्या काठांवरचे दगड मध्ये सापडतात आणि तसेच वाहत जातात. भूगोलाच्या पुस्तकात आपण त्यांस मध्य हिमोढ असे म्हणतो.

ती वाहते कशी? आपल्याच वजनाने. आतला बर्फ हळूहळू रूप बदलत सरकतो, आणि तळाशी पाण्याचे वंगण मिळाले की सगळा थर खडकावरून घसरतो. वेगवान भागात ती वर्षाला २०० मीटरांपर्यंत, म्हणजे दिवसाला सुमारे अर्धा मीटर पुढे जाते. डोळ्यांना हे दिसत नाही, परंतु ऐकू येते. बर्फ ताणला गेला की कडाडतो आणि त्याला खोल भेगा पडतात. उन्हाळ्यात पृष्ठभागावर पाण्याचे ओहोळ धावतात, आणि एखाद्या विवरात गरगरत उतरून नाहीसे होतात. एखादी मोठी शिळा आपल्याखालच्या बर्फाला सावली धरते. भोवतालचा बर्फ वितळतो, आणि शिळा बर्फाच्या खांबावर मेजासारखी उभी राहते. या ओसाड जागीही प्राणी आहेत. पिसवेएवढे बारीक काळे कीटक बर्फावर उड्या मारीत राहतात आणि वाऱ्याने आलेल्या परागांवर जगतात.

ही नदी जे घेते ते ठेवून घेत नाही. १९२६ मध्ये शेजारच्या खोऱ्यातील भाऊ या बर्फावर हरवले. त्यांच्या अस्थी २०१२ मध्ये, शहाऐंशी वर्षांनी, बर्फाने पुन्हा वर आणून दिल्या.

नदीच्या काठी उतारावर अलेचचे अरण्य आहे. त्यात कित्येक शतकांचे जुने पाइन वृक्ष आहेत. १९३३ पासून त्याला संरक्षण आहे. शेवटी, जेथे बर्फ संपतो तेथून मासा नावाची नदी निघते आणि रोन नदीला मिळते. त्या पाण्यावर वीज तयार होते. रोनचे खोरे पावसाने कोरडे आहे. तेथील शेतकऱ्यांनी कड्यांच्या अंगाला लाकडी पाट टांगून हिमनद्यांचे पाणी कित्येक मैल शेतांपर्यंत नेले. अशी ही नदी आहे.

भयाचा काळ

आज तिचे सौंदर्य पाहावयास जगातून माणसे येतात. १९१२ पासून आगगाडी ३,४५४ मीटर उंचीपर्यंत जाते. २००१ मध्ये हा प्रदेश जागतिक वारसा ठरला. परंतु १६७८ मधील फीशच्या माणसाला तिचे सौंदर्य दिसत नव्हते. त्याला ती पुढे येताना दिसत होती.

त्या शतकांत युरोपातील हवा थंड झाली होती. हिमनद्या वाढत होत्या, आणि काही ठिकाणी कुरणे, झाडे व घरेही गिळीत होत्या. अलेचच्या बाजूला मेर्येलन नावाचे सरोवर होते. त्याचा एक काठ खडकाचा नव्हता, हिमनदीच्या बर्फाचाच होता. बर्फाचा बांध कधी फुटेल याचा नेम नसे. तो फुटला की सरोवर एकदम रिते होई आणि खालच्या गावांवर लोट येई. ज्यांच्या गोठ्यात चार गाई आणि शेतात थोडी राय एवढाच संसार, त्यांना हिमनदी म्हणजे डोक्यावर टांगलेली तलवार वाटे.

म्हणून १६७८ मध्ये त्या गावांनी नवस केला. त्या नवसाचे दोन भाग होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पहिला भाग असा की, आम्ही सदाचाराने वागू. दुसरा असा की, हिमनदीची वाढ थांबावी म्हणून आम्ही प्रार्थना करू. ही गावे रोमन कॅथॉलिक असल्याने त्या नवसास रोमची मान्यता होती. पुढे १८६२ पासून दरवर्षी मिरवणुकीने रानातील देवळाकडे जाऊन ही प्रार्थना करण्याची चाल पडली.

नवस उलटला

आणि काय आश्चर्य! एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हिमनदी आपल्या सर्वांत मोठ्या विस्तारास पोचली, आणि मिरवणुकीचा प्रघात पडत होता त्याच सुमारास ती मागे हटू लागली. तेव्हापासून तिची लांबी तीन किलोमीटरांहून अधिक घटली आहे. अरण्याजवळ बर्फाची पातळी पूर्वी दोनशे मीटरांहून उंच होती. काठाच्या खडकावर झाडे असलेला पट्टा आणि उघडा पट्टा यांची रेघ आजही ठळक दिसते. कॉन्कॉर्डिया चौकाजवळ १८७७ मध्ये गिर्यारोहकांसाठी एक झोपडी बांधली, तेव्हा ती बर्फापासून सुमारे पन्नास मीटर उंच होती. आज बर्फ इतका खचला आहे की, झोपडीपर्यंत जाण्यास कड्याला लांबलचक लोखंडी जिने ठोकावे लागले आहेत. मेर्येलन सरोवराचे पाणी काढून देण्यासाठी त्या शतकाच्या अखेरीस बोगदा खणला, पण बर्फाचा बांध उतरू लागल्याने त्याला फारसे कामच उरले नाही.

हिमनदी हटली, परंतु सुख आले असे झाले नाही. बर्फाचा आधार गेल्याने २०१६ मध्ये काठावरचा एक अख्खा उतार वेगाने सरकू लागला, आणि वाटा बंद कराव्या लागल्या. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी आपल्या बर्फाचा सुमारे दहावा हिस्सा गमावला. अशा वर्षी नदीला पाणी उलट अधिक येते. पण ते व्याज नव्हे, मुद्दल आहे. उधळ्या वारसाच्या हातातही काही दिवस पैसा खुळखुळतोच.

म्हणून २००९ मध्ये फीशच्या लोकांनी पोपकडे विनंती केली की, आमचा नवस बदलण्याची परवानगी द्यावी. हिमनदी वाढू नये असे आम्ही आजवर मागत आलो, आता ती नाहीशी होऊ नये असे मागू द्यावे. त्यानंतर लवकरच ती परवानगी मिळाली.

टिंडल यांचा प्रश्न

हे वाचून आपल्यापैकी कित्येकांना थोडे हसू येईल. नवस आणि मिरवणूक आपल्या मंडळ्यांच्या रीतीत बसत नाही. परंतु हसण्यापूर्वी एका इंग्रज-आयरिश शास्त्रज्ञाचे म्हणणे ऐकावे. जॉन टिंडल हे मोठे पदार्थविज्ञानी आणि गिर्यारोहक होते. या हिमनदीवर त्यांचा इतका जीव होता की, तिच्या काठी बेलाल्प येथे त्यांनी उन्हाळ्यासाठी घर बांधले. १८६१ मध्ये त्यांनी प्रार्थना व निसर्गनियम यांवर एक निबंध लिहिला. रोन हिमनदीजवळ पर्वतांना आशीर्वाद देण्यास आलेला एक तरुण धर्मगुरू त्यांना भेटला होता, त्याची हकिकत त्यात आहे. तेथे हजर असलेले एक प्रॉटेस्टंट गृहस्थ हसले, असेही ते सांगतात. मग टिंडल त्या गृहस्थांनाच विचारतात की, पावसासाठी तुम्ही करता ती प्रार्थना वेगळी कशी? नदी चढावर वाहावी असे मागणे आणि आभाळातून एक सर यावी असे मागणे, निसर्गनियमांच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

हा टोला आपणांसही लागतो. अवर्षणात आपल्या मंडळ्यांनीही पावसासाठी गुडघे टेकले आहेत, आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. संकटात लेकराने बापाला हाक मारावी, यात शास्त्राविरुद्ध काही नाही. मात्र टिंडल यांचा प्रश्न टाळून चालणार नाही. प्रार्थना म्हणजे हवामानखात्याकडे केलेला अर्ज असेल, तर फीशच्या लोकांना १६७८ चा अर्ज मंजूर झाला म्हणून आनंद मानावा लागेल आणि नवा अर्ज करताना संकोच वाटावा लागेल. मागणे मंजूर झाले की नाही, एवढ्यावरच प्रार्थनेचे मोल ठरू लागले की ती व्यवहार बनते.

आता या गोष्टीतला खरा विलक्षण भाग पाहा. याच टिंडल यांनी १८५९ पासून लंडनमध्ये प्रयोग करून दाखविले की, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांसारखे वायू उष्णता अडवून धरतात. प्रार्थनेने हवामान बदलते काय, याची त्यांना शंका होती. धुराड्याने ते बदलू शकते, या ज्ञानाचा पाया मात्र त्यांच्याच प्रयोगांनी घातला. दगडी कोळसा आणि तेल जाळून आपण तो वायू हवेत सोडत गेलो, आणि त्यांच्या घरासमोरची हिमनदी वितळत गेली.

येथे कोणी म्हणेल की, हिमनद्या पूर्वीही मागे गेल्या आहेत. हे खरे आहे. बर्फाखालून निघालेल्या जुन्या खोडांवरून शास्त्रज्ञ सांगतात की, तीन हजार वर्षांपूर्वी, कांस्ययुगात, अलेच हिमनदी आजच्याइतकीच किंवा त्याहूनही आखूड होती. एकोणिसाव्या शतकातील पहिली माघारही सगळी माणसाच्या खात्यावर टाकता येणार नाही. परंतु गेल्या काही दशकांतील वितळण्याचा वेग माणसाच्या करणीचा आहे, याविषयी आता शास्त्रज्ञांत मतभेद राहिलेला नाही. पूर्वी घरे आपोआपही पेटत, म्हणून आज काडी लावणारा निर्दोष ठरत नाही.

पाप आणि बर्फ

आता नवसाच्या पहिल्या भागाकडे येऊ. १६७८ मधील माणसांनी सदाचाराचे वचन का दिले? आपल्या पापामुळे हिमनदी वाढत आहे, असे त्यांना वाटत होते म्हणून. हा कार्यकारणभाव खोटा होता. त्या गरीब गुराख्यांच्या दारूने किंवा शिवीगाळीने बर्फाचा एक कणही वाढला नव्हता. शिलोह येथील बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती काय, असा प्रश्न प्रभूने स्वतःच काढला आणि तसे नाही असे सांगितले (लूक १३). संकट पाहून संकटग्रस्ताचे पाप मोजू नये, हा त्याचा पहिला धडा. परंतु तेवढ्यावर तो थांबला नाही. ऐकणाऱ्यांनी स्वतः पश्चात्ताप करावा, असेही त्याने बजावले.

आज परिस्थिती नेमकी उलटली आहे. त्या काळी माणसाच्या वर्तनाचा आणि बर्फाचा काही संबंध नव्हता, तरी माणसांनी दोष आपल्याकडे घेतला. आज संबंध आहे, आणि दोष कोणीच घेत नाही. ज्यांनी काही केले नव्हते ते उपास करून वाट चालले. आपण, ज्यांच्या प्रत्येक दिव्यामागे, प्रत्येक मोटारीमागे थोडासा धूर आहे, शांतपणे म्हणतो की माझ्या एकट्याने काय होणार?

हे म्हणणे अगदी पोकळ नाही. एका माणसाच्या वाट्याचा धूर खरोखर नगण्य आहे. सर्वांचा वाटा सारखाही नाही. ज्याच्या घरी एक बल्ब आणि एक सायकल आहे त्याला, आणि जो दरमहा विमानाने फिरतो त्याला, एकाच मापाने मोजणे अन्याय होईल. ज्या देशांनी दीडशे वर्षे कोळसा जाळून श्रीमंती मिळविली, त्यांनी अधिक भार उचलावा, ही मागणी रास्त आहे. पण दोष विभागला म्हणून नाहीसा होत नाही. दहा जणांनी मिळून एखाद्याचे शेत लुटले, तर प्रत्येकाने दशांश चोरी केली असे नीतिशास्त्र म्हणत नाही. प्रत्येक जण चोरच ठरतो. कोणी अधिक नेले, कोणी कमी, एवढा हिशेब मागाहून होतो.

कोणासाठी?

आणखी एक प्रश्न राहतो, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. फीशच्या लोकांचा पहिला नवस भयातून आला होता. दुसरा कशातून आला? पाणी जाईल, पाहुणे येणार नाहीत, उतार ढासळेल, या काळजीतून. म्हणजे दोन्ही वेळा हिमनदी आपल्यासाठी काय आहे, हाच विचार. ती शत्रू असताना नको होती, उपयोगी झाल्यावर हवीशी झाली. ही काळजी खोटी नव्हे. २८ मे २०२५ रोजी त्याच परगण्यातील ब्लाटन गावावर बर्च नावाची हिमनदी वरून कोसळलेल्या खडकांच्या भाराने तुटून पडली, आणि गाव बहुतेक गाडले गेले. सुमारे तीनशे लोकांना आधीच हलविले होते, तरी एक माणूस दगावला. ज्याच्या डोक्यावर असा बर्फ आहे त्याने आपला विचार करू नये, असे कोण म्हणेल?

परंतु ईयोबाच्या पुस्तकातील अडतिसावा अध्याय काढून पाहा. दुःखाने पिचलेल्या ईयोबाला परमेश्वर उत्तर देतो, तेव्हा तो ईयोबाविषयी बोलतच नाही. हिमाच्या कोठारांत तू कधी गेला आहेस काय, असे विचारतो. ज्या रानात मनुष्यवस्ती नाही तेथेही आपण पाऊस पाडतो, असे सांगतो. तो पाऊस कोणाच्या पिकासाठी? कोणाच्याच नाही. देवाच्या जगात अशा पुष्कळ गोष्टी आहेत की ज्यांचा आपल्याशी काही संबंध नाही, आणि तरी त्याला त्यांची किंमत आहे. कॉन्कॉर्डिया चौकाखाली आठशे मीटर खोल, अंधारात, एक दिवसाला अर्धा हात सरकणारा बर्फ कोणा माणसाने पाहिलेला नाही. तो नसता तर काय बिघडले असते, असे विचारणाऱ्याने आधी एवढे सांगावे की, तो आपल्याला आवडतो किंवा उपयोगी पडतो म्हणूनच त्याने असावे, हा अधिकार आपणांस कोणी दिला?

माणूस मोलाचा नाही, असे मला म्हणावयाचे नाही. पण कारभाऱ्याला जमीन सोपविली, म्हणजे बांधावरच्या झाडाचे मोल त्याच्या सरपणावरून ठरत नाही.

नवसाचा पहिला भाग

शास्त्रज्ञांचा अंदाज असा आहे की, आज जगाने धूर पुष्कळ आवरला, तरी या शतकाच्या अखेरीस अलेच हिमनदीचा निदान निम्मा बर्फ जाईल. आवरला नाही, तर बहुतेक सगळीच नदी जाईल. बर्फ सावकाश उत्तर देतो. आजच्या वागणुकीचे फळ नातवंडांना दिसेल. हे कठीण आहे, कारण पदरात काही पडणार नसताना सदाचार करावयाचा आहे. पण तशा सदाचारालाच सदाचार म्हणावे.

फीशच्या लोकांनी प्रार्थनेची दिशा बदलली, पण नवसाच्या पहिल्या भागाला हात लावण्याची गरज पडली नाही. हिमनदी वाढत असो वा घटत असो, नीट वागण्याचे वचन तसेच राहते. मला वाटते, १६७८ च्या त्या अशिक्षित गुराख्यांनी आपल्याहून एक गोष्ट बरी ओळखली होती. देवाकडे हात पसरण्यापूर्वी त्यांनी आपले हात तपासले. त्यांचे कारण चुकले, रीत चुकली नाही.

वाचकहो, आपल्या गावी हिमनदी नाही. पण नदी आहे, विहीर आहे, ओढा आहे, आणि पावसाची वाट पाहणे आहे. येत्या उन्हाळ्यात मंडळीत पावसासाठी प्रार्थना होईल, तेव्हा ती अवश्य करावी. मात्र त्या दिवशी आणखी एक काम करावे. आपल्या मंडळीच्या आवारात पाणी कोठे वाया जाते, रिकाम्या खोलीत कोणते दिवे जळतात, गेल्या वर्षी कोणते झाड कोणाच्या सोयीसाठी तोडले, हे वडीलमंडळींनी एका कागदावर लिहून काढावे, आणि आधी तो कागद वाचून मग गुडघे टेकावे.